सोसायटीच्या मालकीची हवा

माणूस श्वासावर चालतो आणि गाडी हवेवर. यातला श्वास घेण्यासाठी अजून समिती नेमावी लागत नाही. हवेच्या बाबतीत मात्र आमच्या रावेतच्या सोसायटीने ही उणीव भरून काढली आहे. (आमच्याकडे चाकणला जाणारे इंजिनिअर इतके आहेत, की लिफ्ट अडकली तर आतले लोक घंटा वाजवण्याआधी मूळ कारण शोधायला बसतात.)

टायरमध्ये हवा भरण्याचं यंत्र सोसायटीनेच घ्यावं असं ठरलं आणि शरच्चंद्रराव समितीचे अध्यक्ष झाले. ते ब्रेकच्या एका कंपनीतून क्वालिटी खात्याचे प्रमुख म्हणून नुकतेच निवृत्त झालेत. दारावर आलेली मेथीसुद्धा ते नमुना तपासून मगच स्वीकारतात. दुसरे सभासद नौशादभाई, चिंचवडला स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. असे दोन जाणकार एकत्र आल्यावर काम लवकर होणार नाही, याची सर्वांना खात्री वाटली.

पायाने दाबायचा पंप पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण हवेची अचूकता सभासदाच्या गुडघ्यावर सोपवणं धोक्याचं. बॅटरीवाला पंप चांगला होता, पण तो कुठल्या विंगच्या विजेवर चार्ज करायचा यावर एकमत होईना. शेवटी गाडीच्याच सॉकेटला जोडायचा पंप निवडला. ठरवलेला आकडा आला की तो आपोआप थांबतो. योग्य वेळी थांबण्याचा हा गुण समितीत कुणाकडेच नसल्यामुळे त्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

पंपावर मीटर होतंच. पण एका साक्षीदारावर कोर्टसुद्धा विश्वास ठेवत नाही, असं नौशादभाई म्हणाले. म्हणून आणखी दोन मीटर घेतले. तिन्ही तीन आकडे दाखवू लागले. हे स्वाभाविकच आहे. साक्षीदार वाढले की असं होतंच.

मग नियमावली आली. हवेचा आकडा टायरवरचा धरायचा नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीचा स्टिकर असतो, त्यावरचा धरायचा. टायरवर चीर किंवा फुगा दिसला तर हवा भरायची नाही. पंप चालू असताना तोंड टायरजवळ न्यायचं नाही. (हे कलम तोंड बरंच पुढे करणाऱ्या एका सभासदामुळे घालावं लागलं.) चाकं चार, म्हणून तपासण्या चार. यंत्र सोसायटीची मालमत्ता असल्याने गेटबाहेर नेण्यास सक्त मनाई. हे सगळं खरोखरच शहाणपणाचं होतं, आणि आमचा ऊर अभिमानाने भरून आला.

उद्घाटनाचा मान अरुंधतीवहिनींच्या गाडीला मिळाला. वहिनी शाळेत शिकवतात. त्यांचा मिहिर चौतीस वर्षांचा (गाडीच्या स्टिकरवरच्या तेहतीस पौंडांपेक्षा एकने जास्तच, अशी नोंद समितीने घेतली). पुष्कळ नकारांनंतर वाईच्या एका स्थळाने त्या दोघांना अकरा वाजता बोलावलं होतं. दुपारी त्याच मुलीला पाहायला साताऱ्याची मंडळी येणार होती, म्हणून उशीर चालणार नव्हता. मायलेक पहाटेच तयार होऊन खाली आले.

हवा टायर थंड असतानाच मोजावी, हे खरं. गाडी चालवली की टायर तापतात आणि आकडा वाढतो. पण समितीने ठरवलेली हवेची जागा होती गेटपाशी आणि गाडी होती बेसमेंटमध्ये. तेव्हा गाडी चालू न करता चढावरून ढकलत वर आणायचं ठरलं. टायर थंड राहिले, माणसं तापली.

हवा भरली. आता शरच्चंद्ररावांनी कंपनीतली पद्धत लावली: तोच टायर तीन जणांनी, तिन्ही मीटरने, पुन्हा पुन्हा मोजायचा आणि आकडे जुळतात का ते पाहायचं. पद्धत उत्तमच आहे. फक्त मीटर लावताना आणि काढताना दर वेळी फुस्स करून थोडी हवा जाते. त्यामुळे मोजणी जितकी काटेकोर झाली, तितका टायर बसत गेला. खाली गेलेला आकडा पाहून समितीला संशय आला. संशय आला म्हणून पुन्हा भरली, आणि भरली म्हणून पुन्हा मोजली.

वहिनी शेवटी हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, आहे तेवढ्या हवेवर जाऊ द्या. परत असं स्थळ येणार नाही."

"वहिनी," शरच्चंद्रराव शांतपणे म्हणाले, "स्थळ दुसरं येईल. टायर फुटला तर माणूस दुसरा येत नाही."

हे वाक्य इतकं खरं होतं, की नौशादभाईंनी मान डोलावून पुन्हा मीटर लावलं. मला त्या माउलीचं फार वाईट वाटलं. पण नियमावलीत वाईट वाटण्यासाठी कलम नव्हतं. अखेर चारही टायर पास झाले, टाळ्या वाजल्या आणि गाडी सुटली.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे मागच्या चाकात खिळा घुसला. यात समितीचा काहीच दोष नाही. खिळा गेटबाहेरचा होता. मिहिरने डिकी उघडून स्टेपनी काढली. ती तव्यावर न फुगलेल्या भाकरीसारखी चपटी पडली होती. पंप रावेतला कपाटात, कुलपात सुखरूप होता.

मिहिरने फोन केला. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी चारही चाकं पास झालेली आहेत. पाचवं तू तपासायला आणलंच नव्हतंस."

पंक्चरवाला शोधून, चाक दुरुस्त करून मायलेक वाईला पोहोचले तेव्हा साताऱ्याची मंडळी पेढे वाटत होती. मुलीच्या वडिलांनी भल्या मनाने दोन पेढे यांच्याही हातावर ठेवले. मिहिरने आईला गाडीत बसवलं. पुढच्या बैठकीत समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, कारण खिळा लागूनही उरलेल्या तीन टायरांतली हवा तसूभर कमी झाली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला.

तुम्ही हसताय. हसा, आमची ना नाही. पण तुमच्या स्वतःच्या स्टेपनीत आत्ता हवा किती आहे? अंदाजे नको, आकडा सांगा. नाही ना सांगता येत? दसऱ्याला गाडीची पूजा करता, तेव्हा लिंबंसुद्धा चारच ठेवता तुम्ही.