पराते काकांचा फ्री टाइम

नंदनवनातल्या आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला आला की पराते काका फाटकात उभे राहून त्याच्यावर ओरडायचे, "यू! फ्री टाइम! व्हॉट यू लाइक?"

दूधवाला कॅन खाली ठेवून हात जोडायचा. "काकाजी, माँ कसम, पानी नहीं मिलाया."

"नो पानी! लाइक! लाइक!"

काका गिरणीच्या विणाई खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांची कुजबुजही चार घरं ओलांडायची. दूधवाल्यानं शेवटी "सोना अच्छा लगता है" असं कबूल केलं, तेव्हा काका समाधानानं म्हणाले, "स्लीप. गुड. जा आता."

हे इंग्रजी मी शिकवलेलं. म्हणजे काकांनी माझ्याकडून काढून घेतलेलं.

आम्ही समोर राहायचो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते, बी.ए. झाले होते आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत सारखीच गप्प असायचे. त्यामुळे निरोप पोचवायला मी फार सोयीची होते. आणि काका-काकूंना निरोप्या लागायचाच, कारण ती दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण मुळीच नव्हतं. त्यांच्या उमरेडच्या घरात नवरा-बायकोनं चारचौघांत बोलणं बरं दिसत नसे, आणि घर एवढं भरलेलं, की चारचौघं कायमच हजर. ती सवय नंदनवनात दोघंच उरली तरी सुटली नाही.

"विचार वं तिले, भाजीत मीठ काहून नाही," काका मला सांगायचे.

"सांग त्यायले, काल जास्त झालं तं मुकाट्यानं खाल्लं ना!" काकू चुलीपासून सांगायच्या.

दोघांच्या मधे दोन हातांचं अंतर. मी नसले की काका हे सगळं भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचे आणि काकू मांजरीला.

काकांचं दुसरं वेड म्हणजे सायकल. रोज पुसायची, घंटीला तेल घालायचं. मागच्या कॅरिअरवर गोधडीची एक जाड घडी सुतळीनं बांधलेली असायची. त्यावर कधी पोतं ठेवलं नाही, कोणाला बसू दिलं नाही. कोणी नुसतं टेकलं तरी ओरडायचे, "उतर! ते बसाची जागा नाही!" मग कशाची, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

त्या वर्षी त्यांचा मुलगा रमेश भिलाईहून आला आणि सांगून गेला, "पुढच्या खेपेला आईला घेऊन जातो. पोरांकडे बघायला कोणी नाही. क्वार्टर लहान आहे, बाबा इथलं घर सांभाळतील." सगळ्यांना ते पटलं. काकूंना कोणी विचारलंच नाही. त्यांनी ट्रंक झाडून उन्हात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी काका सीताबर्डीच्या फुटपाथवरून इंग्रजी शिकायचं पुस्तक घेऊन आले.

"मास्तरीणबाई, शिकव."

मी पहिला धडा उघडला. धिस इज अ कॅट.

"मांजर मले दिसते. पुढचा."

असे पुढचे-पुढचे करत आम्ही फावल्या वेळच्या धड्याशी पोचलो. काय आवडतं, काय आवडत नाही. काका तिथे थांबले ते थांबलेच. बाजार, प्रवास, हवामान, त्यांना काहीच नको होतं.

"एवढं एकच काहून, काका?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "तिले विचाराचं आहे. भिलाईले जाणं आवडते का नाही. मराठीत विचारलं तं लोक म्हणतीन, म्हातारा चळला. इंग्रजीत लाज नाही लागत."

पण काकूंपर्यंत पोचण्याआधी त्यांनी सगळ्या गल्लीवर सराव केला. शिंपी, पोस्टमन, संत्री विकणारी बाई, कोणी सुटलं नाही. माझ्या वडिलांना त्यांनी कुंपणावरून गाठलं. बाबा कचेरीतले मोठे साहेब. "उद्या सांगतो," म्हणून ते आत गेले. रात्री ते नीट जेवले नाहीत आणि रविवारी इतवारीतून मांजाची चक्री घेऊन आले.

काकूंना मात्र काका काही विचारेनात. धडा चालू असताना त्या दाराआड सुपारी कातरत बसायच्या. काका "आय लाइक" म्हणाले की अडकित्ता थांबायचा.

न्यायला रमेश आला. दारात रिक्षा उभी राहिली, ट्रंक रिक्षात चढली. काकू नवं लुगडं नेसून पायरीवर आल्या. काका सायकल धरून फाटकात. गल्ली आपापल्या दारात.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ते सगळ्या गिरणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इन फ्री टाइम, व्हॉट यू लाइक? व्हॉट यू डोन्ट लाइक?"

आता नेहमीप्रमाणे मी वळून काकूंना विचारायचं. इतकी माणसं बघत होती. तरी मी बोलले, आणि मोठ्यानं बोलले. "काका, माझ्याकडे नाही. तिकडे बघून विचारा."

काका वळले. या वेळी आवाज इतका हळू, की गल्ली पुढे वाकली. "व्हॉट यू लाइक?"

काकूंनी पदर सावरला. मांजरीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ काकांकडे बघितलं.

"आय लाइक सायकल," त्या म्हणाल्या. "आय डोन्ट लाइक भिलाई."

रिक्षावाल्यानं आपणहून ट्रंक खाली काढली.

"आई! तू इंग्रजी कधी शिकली?" रमेश ओरडला.

"हे रोज बोंबलून राहिले होते. मी काय बहिरी आहो का? सुट्टीत पोट्टे घेऊन ये गा. आता मी येत नाही."

काकांनी गोधडीवरची धूळ झटकली. "सिट," ते म्हणाले.

काकू एका बाजूला पाय सोडून बसल्या. सायकल डगमगली, सावरली आणि घंटी वाजवत निघाली. शिंप्यानं टाळ्या वाजवल्या, संत्रीवालीनं एक संत्रं काकूंच्या ओटीत टाकलं, आणि गच्चीवरून पतंग उडवणारे बाबा चक्क शिट्टी मारत होते. मीसुद्धा ओरडत होते. काय ते आठवत नाही, पण ओरडत होते.

संध्याकाळी काका सायकल पुसत होते. मी विचारलं, "काका, ही गोधडी कधी बांधली?"

"सायकल घेतली त्याच दिवशी. लग्नाच्या वर्षी."

"काकूंसाठी? मग इतकी वर्षं त्यांना बसा म्हणालात का नाही?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कॉन्व्हेंटात मला काहीच शिकवलं नव्हतं.

"तवा मले इंग्रजी कुठं येत होती?"