काळी चारचा माणूस

जयंतच्या प्रोबेत्साइटचे, म्हणजे नोकरीत पारखून घेण्याच्या सहा महिन्यांचे, शेवटचे पाच दिवस उरले होते आणि नेमक्या त्याच सोमवारी त्याच्या साहेबांनी त्याच्या हातात गाण्याची एक तबकडी ठेवली. साहेब म्हणजे हेर क्राउटर. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमधल्या एका कंपनीत यंत्रांचे आवाज तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख. मोटार कुठे घरघरते, पंखा कितव्या फेऱ्याला कुरकुरतो, हे कानांनी आणि उपकरणांनी पकडायचं, हेच तिथल्या अकरा इंजिनियरांचं काम. जयंतला बारावा व्हायचं होतं. नाही झाला तर बायकोचं, मुलाच्या शाळेचं आणि नुकत्याच मिळालेल्या घराचं काय, हा विचार तो दिवसातून फक्त चाळीसेक वेळा करत असे.

तबकडीमागे एक जुनं पाप होतं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी जेवताना विचारलं होतं, रॉक संगीत आवडतं का. नव्या माणसाने त्याला काहीही विचारलं तरी म्हणावं तसं जयंत म्हणाला होता, "जा, गेनाऊ." तेवढ्या ‘हो, अगदी बरोबर’वर साहेबांनी त्याला आपल्या पंथात घेतलं. पंथ नाइजेल हार्बॉटल नावाच्या इंग्रज गायकाचा. या गृहस्थांनी पन्नास वर्षं एका बँडमध्ये गाऊन चौऱ्याहत्तराव्या वर्षी बँड सोडला आणि आयुष्यातला पहिला एकट्याचा अल्बम काढला: ‘स्कार्बीची शेवटची बस’. तोही फक्त तबकडीवर, मोजक्या प्रतींत. इंटरनेटवर त्याचा एक सूरही सापडत नव्हता.

"नीट ऐका. तुमच्या कानांना काय ऐकू आलं ते मला हवंय," साहेब म्हणाले. "शुक्रवारी तुमच्या कागदांवर सहीही करायची आहे." ही दोन वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली आणि जयंतने ती कायमची एकत्र बांधून टाकली.

त्याच संध्याकाळी तो झिंडेलफिंगेनला जाऊन कुणाचा तरी जुना रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला. लेबलवर ३३ छापलं होतं, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे, म्हणून वेगाचं बटण ३३वर केलं, सुई ठेवली आणि सोफ्यावर बसला. जड कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा एक आवाज खोलीभर पसरला. चौथ्या मिनिटाला जयंत घोरायला लागला. त्याची बायको कादंबरी म्हणाली की दोघांपैकी कोण गातंय हे काही वेळ तिला कळेना.

घरात तेव्हा आणखी एक माणूस होतं. जयंतची आई, कुंदाताई, तीन महिन्यांसाठी मिरजेहून आल्या होत्या. मिरजेच्या सुकन्याबाई कीर्तनकारांच्या मागे त्यांनी अडतीस वर्षं झांज धरली होती. बाई निरूपणात कितीही दूर गेल्या, कथेत रडल्या, हसल्या, तरी परत येतील तेव्हा लय जागेवर ठेवायची, हे कुंदाताईंचं काम. आणि आयुष्यात ते एकदाही चुकलं नाही, असं खुद्द सुकन्याबाई म्हणत. मिरजेहून येताना त्यांनी गोडा मसाला आणला नव्हता, पण झांज आणली होती.

"एकट्याचा अल्बम म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं. "मागे धरायला कुणीच नाही?"

"नाही आई. सोलो."

"अगंबाई. बिचारा."

मंगळवार आणि बुधवार जयंत कामाच्या चाचण्यांत बुडाला. घरी यायचा तो थेट ताटावर. पण आई मात्र दोन्ही दिवस खुशीत दिसत होती. हा बुवा गोड आहे, तिने सांगितलं. आधी तुझं ते यंत्र काही ठीक नव्हतं, मी नीट लावून घेतलं. आईने त्यावरची धूळ पुसली असणार, असं जयंत धरून चालला. मग त्याला एक कल्पना सुचली. आळशी माणसाला सुचतात तितकीच ती सुंदर होती. त्याने वही घेतली आणि आईचं मत उतरवून घेतलं.

कुंदाताईंनी मनापासून सांगितलं. बुवा पूर्वरंगात रेंगाळत नाही. दुसऱ्या गाण्याला पाय आपोआप हलतात. गोष्ट एका म्हाताऱ्या जोडप्याची. त्यांची शेवटची बस चुकलीय आणि दोघं चालत घरी निघालीत. शब्द कादंबरीने समजावले होते. "पण भांडता भांडता हसताहेत, ते मला माझं ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "त्याला शब्द लागत नाहीत."

गुरुवारी सकाळी जयंतने तबकडी साहेबांना परत केली आणि दुपारी कँटीनमध्ये, मसुराच्या आमटीसमोर बसून, वहीतलं सगळं जर्मनमध्ये धडाधड म्हणून दाखवलं. पाय हलतात इथवर साहेबांचा चमचा हवेत होता. जोडपं हसतं, हे ऐकल्यावर तो आमटीत बुडाला.

"हसतं?" साहेब म्हणाले.

"जा. गेनाऊ."

मग साहेबांनी शांतपणे बॅगेतून कात्रणं काढली. जयंतने ती एकेक करून वाचली. अख्ख्या जर्मनीत हा अल्बम गाजला होता तो शोकगीत म्हणून. एका समीक्षकाने त्याला म्हातारपणाचा सर्वांत संथ कबुलीजबाब म्हटलं होतं. हॅनोव्हरच्या एका प्राध्यापकाने शेवटची बस म्हणजे मृत्यू, हे तळटीपांसकट सिद्ध केलं होतं. आणि चाहत्यांच्या त्रैमासिकात नऊ पानी लेख होता, ‘संथपणाचं धैर्य’. लेखक: हेर क्राउटर. त्यातली दोन पानं केवळ अल्बमच्या शेवटी येणाऱ्या एका दीर्घ, घोगऱ्या हुंकारावर होती. साहेबांच्या मते तो प्रवाशाला गिळणाऱ्या अंधाराचा आवाज होता.

"आल्झो, तर मग," साहेब कात्रणं गोळा करत म्हणाले, "उद्या चार वाजता माझ्या घरी आमचं चाहत्यांचं मंडळ जमतंय. तुमचं हे मत तिथे सगळ्यांसमोर मांडा. घरच्यांनाही आणा." त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. गेल्या सहा महिन्यांत तो जयंतला एकदाही वाचता आला नव्हता.

घरी आल्यावर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बोलत एकटा जयंतच होता. साऱ्या देशाला रडू येतं तिथे तुला नाच कसा ऐकू आला, तो म्हणाला. माझी नोकरी जाणार, आई, तुझ्या झांजेपायी. कुंदाताई आत गेल्या, झांज रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये घालून ठेवली.

"उद्या मी येणार," एवढंच त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "त्या बुवाची मंडळी मला बघायची आहेत."

"आई, तू तिथे काही बोलायचं नाहीस."

"मला कुठे जर्मन येतं?" कुंदाताई म्हणाल्या, आणि कादंबरीने हसू लपवायला चेहरा फ्रीजमध्ये घातला.

शुक्रवारी साहेबांच्या दिवाणखान्यात पडदे ओढलेले होते. मंडळातले चौदा जण काळ्या शर्टांत बसले होते. आलुबुखाऱ्याचा केक होता, कॉफी होती, आणि कोपऱ्यात मोटारीइतका महागडा दिसणारा रेकॉर्ड प्लेयर होता. टेबलावर पेपरवेटखाली जयंतचे कागद सहीसाठी तयार होते. ते बघून त्याने रात्रभर घोकलेलं नवं भाषण मनात पुन्हा म्हटलं. गुरुवारी आपण घाईत बोललो. आज पाहतो तर या दुःखाला तळ नाही, असा त्याचा गोषवारा होता.

आधी तबकडी लागली. सगळ्यांनी डोळे मिटले. कपाट पुन्हा फरशीवरून ओढलं जाऊ लागलं. जयंतने एक डोळा उघडून आईकडे पाहिलं. कुंदाताई बुटात खडा गेल्यासारख्या खुर्चीत चुळबुळत होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरायचा, चुकायचा, थांबायचा. अडतीस वर्षांत त्यांच्यासमोर लय पडली नव्हती. इथे ती उघड उघड पडली होती आणि चौदा माणसं डोळे मिटून बसली होती.

पहिलं गाणं संपल्यावर साहेबांनी डोळे उघडले. कुंदाताईंची अस्वस्थता त्यांनाही दिसली असावी. फ्राउ कुंदांना कसं वाटलं, त्यांनी आदराने विचारलं.

जयंतने विचारलं, "आई, साहेब विचारतात, कसं वाटलं?"

"तापात पडल्यासारखा गातोय म्हणावं. बुवा काळी चारचा आहे. याला काळी दोनमध्ये कुणी कोंबला?"

"आई म्हणते," जयंत जर्मनमध्ये म्हणाला, "फार खोल आहे."

कादंबरीने कॉफीचा कप खाली ठेवला. ती आठवड्यातून चार दिवस परक्यांना जर्मन शिकवत असे आणि चुकीचं भाषांतर तिला आमटीतल्या केसासारखं वाटायचं. "माफ करा," ती स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, गायकाची पट्टी खाली गेली आहे आणि वेग पडला आहे. तुम्ही हे चुकीचं वाजवताय."

खोलीत आता फक्त प्लेयरची मोटार ऐकू येत होती. जयंतने पेपरवेटकडे पाहिलं आणि मनातल्या मनात घराची चावी घरमालकाला परत केली.

"लेबलवर तेहतीस छापलंय," मंडळाच्या चिटणीस बाई थंडपणे म्हणाल्या. कादंबरीने ते सासूला सांगितलं.

"पत्रिकेत नाव चुकीचं छापलं म्हणून नवरी बदलते का?" कुंदाताई म्हणाल्या आणि उठल्या. सरळ कोपऱ्यात गेल्या. कीर्तनाच्या गादीला करतात तसा त्या प्लेयरला आधी त्यांनी नमस्कार केला, कारण गाण्याच्या जागेला हात लावण्यापूर्वी तो करायचा असतो. मग सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि घरच्या यंत्रावर मंगळवारी केलं होतं तसंच बटण पुढे सरकवलं. ३३वरून ४५वर.

कपाटाच्या दारातून माणूस बाहेर आला. खणखणीत, खोडकर, उन्हात न्हालेला आवाज. गिटार नुसती पळत सुटली. घंटा वाटत होती ती सायकलची घंटी निघाली. पहिल्याच कडव्यात म्हातारा म्हणत होता, तू नट्टापट्टा करत बसलीस म्हणून बस चुकली, आणि मागून एक बाई खरोखर हसत होती. चौदा जण स्तब्ध. पण चिटणीस बाईंच्या बुटाचं टोक हलायला लागलं होतं, आणि ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या गाण्याला कुंदाताईंनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून झांज काढली. सोलो माणसाच्या मागे अखेर कुणीतरी उभं राहिलं. तिसऱ्या गाण्याला पडदे उघडले गेले. ते कुणी उघडले यावर मंडळात अजून एकमत नाही. चौथ्याला सव्वासहा फुटी हेर क्राउटर उभे राहिले आणि त्यांनी एक पाय उचलला. सव्वीस वर्षांत कंपनीतल्या कुणी तो उचललेला पाहिला नव्हता. तो जिथे खाली आला तिथे केकची बशी होती, पण कुणी लक्ष दिलं नाही.

मग शेवट आला, जिथे तो हुंकार होता. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. नऊपैकी दोन पानं पणाला लागली होती. आणि कुत्र्याचं एक छोटं पिल्लू दोनदा भुंकलं. मागोमाग बाईचा आवाज आला, "उतर सोफ्यावरून." आणि तबकडी संपली.

जयंत पुढे झाला. आईच्या वतीने क्षमा मागावी की स्वतःच्या, हे त्याचं ठरत नव्हतं. साहेबांनी पेपरवेट उचलला, उभ्या उभ्या सही केली आणि कागद त्याच्या हातात दिले.

"माझ्या विभागात अकरा इंजिनियर," ते म्हणाले, "मी धरून बारा. दहा महिने हे ऐकतोय. आणि आम्ही सगळ्यांनी आधी लेबल वाचलं." मग ते कुंदाताईंकडे वळले आणि त्यांनी कादंबरीला सांगितलं, याचंही भाषांतर नीट करा. "फ्राउ कुंदांना आमच्याकडे प्रोबेत्साइटची गरज नाही."

कुंदाताईंनी पर्समधली बुक्क्याची डबी काढली आणि त्या उंच कपाळाला हात पोचेना, म्हणून साहेबांना वाकायला सांगितलं. ते वाकले. मागे चौदा जणांची आपसूक रांग लागली.

साहेबांनी खुद्द हार्बॉटलना पत्र लिहिलं आणि तीन आठवड्यांनी हाताने लिहिलेलं उत्तर आलं. कादंबरीने ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. छापखान्याची चूक त्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी पकडली होती. पण तेवढ्यात जर्मनीतून परीक्षणं येऊ लागली. पन्नास वर्षांत त्यांना कुणी खोल म्हटलं नव्हतं, म्हणून ते गप्प राहिले. त्याची शिक्षाही भोगली: प्रत्येक कार्यक्रमात लोकांना तोच घोगरा, संथ आवाज हवा असायचा आणि रोज तसं गाऊन त्यांचा घसा बसला होता. आता ते सुटले. नवी आवृत्ती येतेय, तिच्यावर ४५ मोठ्या अक्षरांत छापलंय, आणि खाली आभार: मिरजेच्या फ्राउ कुंदा, ज्यांनी मला एकटं गाऊ दिलं नाही. काही सूचना असल्यास जरूर कळवाव्यात.

जयंत भारावून गेला. कादंबरीने डोळे पुसले. कुंदाताई मात्र कोथिंबीर निवडत क्षणभर विचारात पडल्या.

"लिही त्यांना," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं छान. पण चौथ्या गाण्यात फार पळतात. जरा संथ घ्या म्हणावं."