लचकरका यांचे मानपत्र

दयाराम सर संगणकाचं बटण दाबायचे, तेव्हाच जनकाबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायच्या. चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, कपबशा धुऊन पालथ्या पडायच्या, तरी पडद्यावरचं ते गोल फिरतच असायचं. सर मांडीवर हात ठेवून शांतपणे त्याच्याकडे बघत बसत. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

पुढे पुढे पडद्यावर एक सूचनाही येऊ लागली. या संगणकातल्या विंडोजची मुदत संपली आहे, यापुढे सुरक्षेची हमी नाही. सरांनी ती सूचना पुण्याला दीपमालाला, म्हणजे मुलीला, फोनवर वाचून दाखवली.

"बाबा, तुमच्या मशीनले नवं विंडोज झेपनार नाही," दीपमाला म्हणाली. "एक तं नवा संगणक घ्या, नाहीतं मी येते तवा लिनक्स टाकून देते. फुकट असते, अन् जुन्या मशीनवरही पळते."

"मशीन चांगलं हाये," सर म्हणाले. "त्याले फेकायचं नाही."

यंत्र फेकणं सरांच्या स्वभावातच नव्हतं. नांदुऱ्याला त्यांची टायपिंगची संस्था होती. तहसील, कोर्ट, पंचायत समिती, कुठल्याही कचेरीत जा, टेबलामागून कोणीतरी उठून "सर, बसा ना" म्हणणारच. टाइपरायटर गेले, संस्था बंद झाली आणि सर वडनेर भोलजीच्या घरी येऊन राहिले. संगणकावर त्यांनी टाइपरायटरच्याच मांडणीचा मराठी फॉन्ट टाकून घेतला होता. त्यामुळे बोटांना यंत्र बदलल्याचा पत्ताच लागला नव्हता. नजर कागदावर आणि बोटं आपल्या कामावर. बोटांकडे पाहणाऱ्या पोराला सर वर्गाबाहेर उभं करत.

दीपमाला एका रविवारी आली. जेवणापूर्वीच तिचं काम आटोपलं. विंडोज गेलं, लिनक्स आलं. सरांच्या सगळ्या फायली तिने नीट परत आणून ठेवल्या. "बाबा, मराठीही चालू करून देली. हे दोन बटनं संगं दाबले का मराठी, पुन्हा दाबले का इंग्रजी," एवढं दाखवून ती संध्याकाळच्या गाडीने गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बटण दाबलं आणि जनकाबाईंचं पाणी उकळायच्या आत संगणक हजर झाला. सर इतके खूश झाले की चहा अर्धाच प्यायले. दिवसभर ते संगणक बंद करत होते आणि चालू करत होते.

त्याच आठवड्यात नांदुऱ्याहून निरोप आला. प्रेमानंद तहसील कचेरीतून निवृत्त होत होता. हा सरांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. त्याचा सत्कार ठरला होता, आणि मानपत्र सरांनी लिहावं, सरांनीच टाइप करावं आणि सरांनीच वाचावं, असा सगळ्यांचा आग्रह होता. सरांनी पेनाने मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी स्वच्छ प्रत कागदाच्या स्टँडला लावून ते खुर्चीत ताठ बसले. ती दोन बटणं दाबली. नजर कागदावर गेली आणि बोटं सुटली. दाराशी तांदूळ निवडणाऱ्या जनकाबाईंना तो जुना, एका लयीतला आवाज ऐकून बरं वाटलं.

शेवटचा पूर्णविराम देऊन सरांनी मान वर केली. पडद्यावर वरच्या ओळीत, जिथे 'मानपत्र' हवं होतं तिथे, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'ाकहगृ'.

त्याखाली सगळं तसंच. कुठे काना एकटाच उभा, कुठे वेलांटीखाली ठिपक्यांचं पोकळ वर्तुळ.

"हे काय झालं वो?" जनकाबाई सूप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काही नाही झालं," सर म्हणाले. "फॉन्ट नाही टाकला दीपानं. फॉन्ट नसला का असंच दिसते. मागं कचेरीतून फाइल आली का आपल्या इथं अशीच दिसे का नाही? गोविंदाच्या दुकानात सगळे फॉन्ट हायेत. तिथं उघडली का बराबर दिसन."

"पाहून तं घ्या एकडाव."

"पाह्यचं काय? बोटं कधी चुकले का माहे?"

बोटं चुकली नव्हती, ही गोष्ट खरीच होती. चूक वेगळ्या जागी होती. दीपमालाने चालू करून दिलेल्या मराठीत कळांची मांडणी नवी होती. जुन्या मांडणीत जिथे 'म' होता तिथे आता काना बसला होता, 'स'च्या जागी 'त' होता आणि 'द'च्या जागी 'ल'. आता यात फॉन्टचा काही संबंधच उरला नव्हता. जे दिसत होतं, तेच लिहिलं गेलं होतं. पण हे सरांना सांगायला घरात कोणी नव्हतं. सरांनी फाइल नांदुऱ्याला गोविंदाकडे पाठवून दिली.

गोविंदाचं छपाईचं आणि फ्रेम करायचं दुकान होतं. तोही सरांचाच विद्यार्थी, पण परीक्षेत एकदा नव्हे, दोनदा नापास झालेला. लग्नसराईची गर्दी होती. त्याने फाइल उघडली, बराच वेळ पाहिली आणि जरा भीत भीतच फोन लावला.

"सर, मजकूर आला. पन अक्षरं… अक्षरं बराबर हायेत ना?"

"फॉन्ट पाय तुह्याकडचा."

"फॉन्ट लावून पाह्यले सर, सगळेच. काही फरक नाही पडून राह्यला. एकडाव तुमी येऊन—"

सरांच्या आवाजाला धार आली. "गोविंदा, तू मले शुद्धलेखन सांगून राह्यला का बे?"

"नाही सर."

"मंग जसं आलं तसंच छाप. एक काना इकडचा तिकडं झाला तं पाय."

गोविंदाने मग एकही काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. जाड कागद, भोवती सोनेरी वेलबुट्टी, वर काच आणि सागवानी चौकट. इतकं सुबक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

सत्काराला सभागृह भरलं होतं. कचेरीतली माणसं, प्रेमानंदाचे नातेवाईक, सरांचे कितीतरी विद्यार्थी. अध्यक्ष होते उकंडराव, बाजार समितीचे माजी सभापती. पांढरं धोतर, भारदस्त मिशा, आणि कोणाच्याही कार्यक्रमात कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागू नये याची मनापासून काळजी. चौकट रंगीत कागदात बांधून थेट मंचावर आली. शाल झाली, श्रीफळ झालं. कागद सोडून चौकट उकंडरावांनी हातात घेतली, सभेकडे वळवली, आणि सरांना ध्वनिक्षेपकाजवळ बोलावून ती त्यांच्या हातात दिली.

सरांनी चष्मा लावला आणि काचेत पाहिलं.

'ाकहगृ.'

त्याखाली प्रेमानंदाचं नाव. 'गेाकहोल'.

सर उभ्या उभ्या पांढरे पडले. लिहिलेली प्रत घरी स्टँडलाच होती. पाठ म्हणावं तर एक शब्द आठवेना. सगळ्या सभागृहाची नजर त्यांच्यावर होती आणि त्यांची नजर चौकटीवर. आयुष्यभर या बोटांच्या जोरावर आपण बोललो, पोरांना बोललो, गोविंदाला तर परवाच बोललो. आणि बोटांनी भर सभेत हे केलं. सरांना वाटलं, आता इथेच खाली बसावं आणि उठूच नये.

उकंडराव सरांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांनी दोन ओळी मनातल्या मनात जुळवून पाहिल्या, एकदा सरांकडे पाहिलं, एकदा प्रेमानंदाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपार आदर पसरला.

"बुद्धवंदनेतली भाषा, पाली हाय ना, सर?" ते हळूच म्हणाले. पण ध्वनिक्षेपक जवळ होता, ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

सर काही बोलण्याआधीच उकंडरावांनी हात जोडले आणि ते ताठ उभे राहिले. अध्यक्ष असे उभे राहिले म्हटल्यावर सभाही उभी राहिली. मागच्या रांगेत गोविंदा तेवढा खुर्चीमागे वाकून काहीतरी पडलेलं शोधत होता.

"खाली सहीच्या जागी लचकरका असं नाव हाय," उकंडराव आदराने पुटपुटले. "हे कोन?"

"मीच," सर म्हणाले.

तेवढ्यात प्रेमानंद खुर्चीतून उठून पुढे आला. त्याने चौकट हळूच सरांच्या हातातून घेतली, वरून खाली एकदा नजर फिरवली आणि त्याचे डोळे भरून आले.

"सर, मी वाचतो," तो म्हणाला. मग अगदी कानाशी, "आमच्या कचेरीत कीबोर्ड बदलला तवा माहेही कागदं असेच निंगत होते. बरेच महिने. चुका दुरुस्त करू करू वाचता यायला लागलं मले."

आणि तो वाचू लागला. अडखळत, पण सरळ मराठीत. टाइपरायटरवर पहिल्यांदा हात ठेवणारा, अंगात एकच सदरा असलेला मुलगा. फी देता येत नाही म्हणून संस्थेची झाडलोट करतो म्हणाला, तर सरांनी झाडू काढून घेऊन त्याला मशीनवर बसवलं होतं. सभागृह ऐकत होतं. पुढच्या रांगेत बायकांनी पदर डोळ्यांना लावला. सरांनाही आपले शब्द एक एक करून आठवू लागले, आणि तिथेच घोटाळा झाला. स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने वाचायची प्रेमानंदाला लाज वाटत होती. जिथे जिथे त्याचं कौतुक होतं, तिथून तो गुपचूप पुढच्या ओळीवर उडी घेत होता.

"थांब," सर म्हणाले. "एक ओळ गाळली तू."

"नाही सर."

"'गोरगरिबाच्या अर्जाला ज्याने कधी उद्या ये म्हटले नाही.' वाच ते."

प्रेमानंदाने कानापर्यंत लाल होत ते वाचलं. टाळ्या पडल्या.

"त्याच्या आधी 'निष्कलंक' होतं."

"सर, राहू द्या ना."

"निष्कलंक!"

"निष्कलंक," प्रेमानंद म्हणाला.

असं करत करत मानपत्र पूर्ण झालं. पाली वाचता वाचता तिथल्या तिथे एवढं सुंदर मराठी करणारा कारकून या तालुक्यात दुसरा होणार नाही, असं अध्यक्षांनी भाषणात सांगितलं. चौकट दुसरी करून देतो, असं सर परत निघताना म्हणाले, तर प्रेमानंदाने ती पोटाशी धरली.

"हे मी कोनाले देनार नाही," तो म्हणाला. "अन् सर, आता मले कचेरी नाही. दुपारच्याले मी वडनेरले येत जाईन. नव्या मांडणीवर बसू आपन दोघं."

तो खरंच येऊ लागला. पहिले काही दिवस फार कठीण गेले. सरांची बोटं जुन्या जागी धावायची आणि प्रेमानंदाला सरांना "चुकलं" म्हणता यायचं नाही. तो नुसता खोकायचा. सर खोडायचे आणि पुन्हा लिहायचे. रात्री जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर सराव करत असत. जनकाबाई ते पाहत आणि वाटी जरा दूर सरकवत. उन्हाळा संपत आला तेव्हा खोकला थांबला. सर पुन्हा ताठ बसून, पडद्याकडे न पाहता, पानभर मजकूर बिनचूक काढू लागले.

अशाच एका दुपारी दारात जीप थांबली आणि उकंडराव उतरले. खुर्चीत बसून, पाणी पिऊन, त्यांनी विषय काढला. त्यांना पंचाहत्तरावं लागत होतं. पोरांनी मोठा कार्यक्रम धरला होता.

"मानपत्र तुमच्याच हातचं पाह्यजे, सर. तसंच. पालीत."

सरांनी एकदा प्रेमानंदाकडे पाहिलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. पाली नव्हतं, साहेब, चूक होती. संगणक बदलला, कळा बदलल्या, माझ्या ध्यानात आलं नाही. उकंडरावांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं.

"मोठे मानसं असेच नम्र असतात," ते म्हणाले. "तुमी सुरू करा."

सरांचा नाइलाज झाला. ते संगणकाकडे वळले. ताठ बसले. नजर भिंतीवर ठेवून त्यांनी एका दमात ओळ लिहिली आणि बाजूला सरकले. उकंडरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावर वाकले. तिथे स्वच्छ, ठळक मराठीत लिहिलं होतं : 'शेतकऱ्यांचे कैवारी श्री. उकंडराव यांस सविनय सादर.'

उकंडरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पन सर," ते म्हणाले, "हे तं कोनालेही वाचता येईन."