हेडबाईंची बाजू

"या आठवड्यात हेडबाई हरणार! नुसत्या हरणार नाहीत, चारी मुंड्या चीत होणार!"

सडेतोड यांनी दाढी करता करता आरशाला ठणकावून सांगितलं. आरसा गप्प राहिला. बायको कशाला गप्प राहते?

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होतात."

सडेतोड हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वर्तमानपत्रात मतांच्या पानावर ते त्या नावानं लिहायचे, आणि लिहिता लिहिता ते नाव अंगाला असं चिकटलं, की ऑफिसात सगळेच त्यांना सडेतोड म्हणायला लागले. घरात बायको 'अहो' म्हणायची आणि वडील 'अरे ए'.

दर गुरुवारी त्या पानावर 'दोन बाजू' छापून यायच्या. प्रश्न एकच. डावीकडे सडेतोड, उजवीकडे हेडबाई. या हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर पोरांच्या खोड्या पकडलेल्या. त्यांच्यापुढे सडेतोड म्हणजे किस झाड की पत्ती! वाचक दिवसभर फोनवरून मतं पाठवायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी सडेतोड तोंड पाडून घरी यायचे.

पण या खेपेला गोष्टच वेगळी होती! संपादकांनी जाहीर केलं होतं, की जो जिंकेल त्याला यापुढे दर रविवारी पुरवणीचं पहिलं पान. आता रविवारचं पहिलं पान म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. गुरुवारचा लेख लोक चहा पिता पिता वाचतात आणि मग त्याच्यावरच कप ठेवतात. रविवारचा लेख कापून ठेवतात! सडेतोड यांचा एकही लेख आजवर कुणी कापून ठेवलेला नव्हता. घरच्यांनीसुद्धा नाही.

शिवाय प्रश्न त्यांच्या हक्काचा होता. त्यांनीच सुचवलेला. 'सत्तरी उलटलेल्यांनी गाडी चालवावी का?'

"अजिबात चालवू नये!" ही डावी बाजू. आणि तिच्यामागे घरातलं कारण होतं. सडेतोड यांच्या वडिलांनी सत्तरी कधीच ओलांडली होती, आणि तरी त्यांची जुनी स्कूटर रोज सकाळी फाटकातून फटफटत बाहेर पडायची. त्या आवाजासरशी सडेतोड हातातलं काम टाकून खिडकीकडे धावायचे. शेवटी एकदा जेवताना त्यांनी पैजच लावली.

"बाबा, लोकांनी माझ्या बाजूनं मतं दिली तर स्कूटरची किल्ली द्याल?"

"देईन. आणि नाही दिली तर?"

"तर या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही!"

"सूनबाई, तू साक्षीदार," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला.

डावा लेख सडेतोड यांनी एका बैठकीत हातावेगळा केला. आकडे, अहवाल, तज्ज्ञ, सगळं ठासून भरलं. आणि तेवढ्यात हेडबाईंचा फोन आला.

"सडेतोड, माझं उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. या आठवड्याची माझी बाजू तुम्ही लिहायची."

"मी?"

"मग कोण? आपली माणसं गोड गोड लिहून ठेवतात. माझे मुद्दे काय असतील हे विरोधकालाच नीट माहीत असतं. आणि संपादकांना सांगू नका. मतांचं पान म्हणजे बसमधली खिडकीची जागा, क्षणभर उठलं की दुसरा बसलाच. ठेवते."

सडेतोड फोन हातात धरून खोलीभर नाचले! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते खोटं नाही. दोन्ही बाजू त्यांच्याच हातात! हेडबाईंची बाजू अशी पुचाट लिहायची, की त्यांचे चाहतेसुद्धा जांभया देत डावीकडे वळतील.

पुचाट मुद्दे शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबा जे रोज जेवताना बडबडायचे, तेच जसंच्या तसं उतरवायचं ठरलं. 'मी कुठं जातो हे मला कुणी विचारत नाही, कधी येणार तेवढं विचारतात.' 'मागे बसायला माणूस नाही राहिलं, म्हणून काय पुढे बसायचंही सोडू?' 'तुला सायकल शिकवली तेव्हा तू किती वेळा पडलास, मी काढून घेतली का सायकल?' असली वाक्यं! यात ना आकडा, ना अहवाल. सडेतोड खुशीत लिहीत सुटले.

पण इथंच घात झाला. लिहून झाल्यावर त्यांनी लेख मोठ्यानं वाचून पाहिला. लेखणीवर जगणाऱ्या माणसाला वाईट वाक्य कुणाच्याही नावावर असो, भातातल्या खड्यासारखं लागतं. त्यांनी एक वाक्य सरळ केलं. मग ते सरळ झाल्यामुळे शेजारचं वाकडं दिसायला लागलं. दुपारचा चहा गार झाला तरी हे हेडबाईंची बाजू घासूनपुसून लख्ख करतच होते! मागच्या सीटवर बसणाऱ्या आईबद्दलच्या ओळीपाशी तर त्यांना चक्क नाक शिंकरावं लागलं. सर्दी झाली असावी असं समजून त्यांनी लेख पाठवून दिला.

गुरुवार उजाडला. सडेतोड बाहेर येतात तो काय, बाबा पेपर दोन्ही हातांत धरून उभे!

"अरे ए! वाचलंस का? ही बाई काय लिहिते! वा!"

"आणि डावीकडचं, बाबा?"

"डावीकडे काहीतरी आकडे आहेत. सूनबाई, कात्री कुठाय?"

कात्री! सडेतोड मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत बाबांनी उजवी बाजू नीट कापली आणि डावी बाजू रद्दीत गेली. मग बाबांनी फोन हातात घेतला. सकाळी फिरायला येणारे, दवाखान्यात भेटणारे, जुन्या कचेरीतले, सगळ्यांना हुकूम सुटले. "मत दे! उजवीकडे! चष्मा लाव आणि नीट दाब!"

सडेतोड ऑफिसात पोचले तेव्हा संपादक टेबलाभोवती गरगर फिरत होते. "सडेतोड, कमाल झाली! इतकी मतं कधी आली नव्हती! लोक फोन करून रडताहेत!"

"मतं कुणाला?" सडेतोड यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुम्हाला एक मत आहे. थांबा, दोन."

एक बायकोचं असणार. दुसरं कुणाचं, याचा विचार करेपर्यंत दारात खाकरण्याचा आवाज आला. बाबा! इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट.

"त्या बाईंना भेटायचंय," बाबा म्हणाले. "आभार मानायचेत."

"वा! वाचक आणि लेखिका! फोटो काढू!" संपादकांनी टाळी वाजवली. "त्या आज आल्या नाहीत, आपणच घरी जाऊ! रविवारच्या पानाची बातमीही तिथंच देतो!"

सडेतोड यांच्या पायाखालची जमीन सरकली. हेडबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी लेखाचं शीर्षकसुद्धा पाहिलेलं नसणार! तोंड उघडलं की सगळं बाहेर येणार. मग कसलं रविवारचं पान, गुरुवारचंही जाणार. दोघांचंही!

"आज नको! त्यांना... त्यांना पाहुणे आवडत नाहीत!"

"मला आवडतील," बाबा म्हणाले. "चल, बस मागे."

संपादक मोटारीनं पुढे गेले. सडेतोड मोठेपणी प्रथमच वडिलांच्या मागे बसले, डोळे मिटून. बऱ्याच वेळानं उघडून पाहिलं, तर अजून पहिलाच चौक! बाबा प्रत्येक वळणाआधी हात दाखवत होते, रिकाम्या रस्त्यालाही. सायकलवाली पोरं पुढे गेली. एक बाई मुलाची ढकलगाडी ढकलत पुढे गेली आणि तिनं वळून त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं.

"बाबा, जरा जोरात घ्या ना! उशीर होतोय!"

"म्हाताऱ्यांनी गाडी चालवू नये म्हणणारा तूच ना?"

हेडबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. संपादक अगोदरच येऊन पोचले होते, पण बातमी फोटोच्या वेळीच द्यायची म्हणून ते नुसता खिडकीचा पडदा मागेपुढे सरकवत होते. तेवढ्यात बाबांनी खिशातून कात्रण काढलं.

"बाई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत हो! 'मी कुठं जातो हे मला कुणी विचारत नाही, कधी येणार तेवढं विचारतात.'"

"असं मी लिहिलंय?" हेडबाई म्हणाल्या.

सडेतोड यांना एवढा मोठा खोकला आला, की संपादकांनी पाणी आणायला सांगितलं. काळा चष्मा सावकाश त्यांच्याकडे वळला. त्या चष्म्यामागच्या डोळ्यांनी आजवर किती कॉप्या पकडल्या असतील कोण जाणे!

"वाचा बरं पुढे," हेडबाई बाबांना म्हणाल्या. "स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं."

बाबांनी अख्खा लेख वाचला. मागच्या सीटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. सडेतोड यांची सर्दी पुन्हा उफाळली.

"चांगलं लिहिलंय मी," हेडबाई शेवटी म्हणाल्या.

"चांगलं? अहो, हेच मी घरी रोज बोलतो! पण माझा मुलगा कधी ऐकत नाही."

"ऐकतात हो मुलं," हेडबाई म्हणाल्या. "ऐकलेलं दाखवत नाहीत."

फोटो निघाला. संपादकांनी रविवारचं पहिलं पान हेडबाईंना जाहीर केलं, बाबांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या, आणि बाबा नि संपादक गाड्यांबद्दल वाद घालत जिना उतरले. सडेतोड पाय न वाजवता त्यांच्यामागून निघाले.

"सडेतोड. इकडे या."

ते गेले आणि नकळत हात मागे बांधून उभे राहिले.

"डॉक्टरांनी मला लिहायला-वाचायला सध्या बंदी केलीय. रविवारचं पान तुम्ही लिहायचं."

"मी? खरंच? रविवारचं?" सडेतोड यांचा चेहरा उजळला.

"माझ्या नावानं. आणि दर्जा खाली येता कामा नये."

"आणि गुरुवारची तुमची बाजू?"

"तीही."

"म्हणजे मी दर आठवड्याला माझ्याशीच भांडायचं? आणि हरायचं?"

"हरायची तुम्हाला सवय आहेच. जिंकायची लागेल हळूहळू."

तर अशा रीतीनं सडेतोड यांना रविवारचं पहिलं पान मिळालं! हेडबाईंच्या फोटोसकट. पहिल्याच रविवारी बाबा पहाटेपासून फाटकाशी पेपरची वाट बघत बसले. लेख उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग सुनेला मोठ्यानं वाचून दाखवला. कापला. घडी केली. घडी खिशात ठेवत ते मुलाकडे वळले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"अरे ए, रागावू नकोस. पण आयुष्यात एकदा तरी असं काहीतरी लिहून दाखव बघू मला!"

"बघतो, बाबा," सडेतोड म्हणाले.