कंपौंडरकाका माळावर पाठवतात

आमच्या शेजारचे गणपतकाका लोकांना झाडं लिहून द्यायचे. लावायला नव्हे, औषध म्हणून. रीतसर चिठ्ठीवर. "लिंब. सकाळी अर्धा तास, अनशापोटी." "चिंच. उन्हं उतरल्यावर, गरजेपुरती."

चाळीस वर्षं ते कुरुंद्यात एका डॉक्टरांकडे कंपौंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, पण काकांची सवय सुटली नाही. ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याची जीभ बघायचे. "शिरपतराव, जीभ!" असं ओरडले की शिरपतराव मोटारसायकल न थांबवता जीभ दाखवून पुढे जायचे.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. एका हिवाळ्यात काविळीनं मला दोन महिने अंथरुणात ठेवलं. पुढं रिपोर्ट चांगले आले, डोळे पांढरे झाले, पण अंगात जीव काही परतेना. कुणाशी बोलावंसं वाटेना. बायको वरणभात पुढं ठेवायची आणि मी मोबाईलवर अंगठा फिरवत बसायचो.

एक दिवस काका सरळ आत आले. जीभ बघितली, खिशातनं चिठ्ठी काढली.

"पळस. माळावरचा. रोज एक तास. मोबाईल वर्ज्य."

"काका, ओटा उतरताना धाप लागते. माळ कुठं चढू?"

"काहून? माळ काय पळून राहिला का? बसत-बसत जा. अन् आल्यावर मला समदं सांगायचं. बराबर?"

बायकोनं ढकललं म्हणून गेलो. पहिल्या दिवशी विहिरीपासूनच परतलो. चौथ्या दिवशी माळ गाठला. हळद शिजवायचे दिवस होते. खालच्या शेतांतून वाफ वर यायची, तिला ओल्या मातीसारखा उग्र वास. पळसाला पान नव्हतं, नुसती फुलं, आणि त्या फुलांवरून साळुंक्यांची कडाक्याची भांडणं. कोण जिंकतंय ते बघण्यात तास कधी गेला कळलं नाही. उतरताना मी चक्क शीळ घालत होतो. घरी येऊन दुसरी भाकरी मागितली, तेव्हा बायको माझ्याकडे बघतच राहिली.

काकांची उलटतपासणी कडक असायची. "ओढ्यात पानी हाये? बोरं संपली का?" मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. तिथला दगड न् दगड त्यांना ठाऊक होता. मला वाटायचं, हे रोज पहाटे जात असणार.

एकदा म्हणालो, "उद्या बरोबरच जाऊ की!"

काका गडबडले. "न्हाई बा. गुडघ्याची तकलीफ हाये."

हेच काका बाजारभर पायी हिंडायचे. मी घरी नवल केलं, तेव्हा बायको म्हणाली, "काकू होत्या तेव्हा दोघं रोज जायची माळावर. त्या गेल्यापासून काका वेशीपर्यंत जातात आणि परत फिरतात."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यापुढं उभा राहिलो. "काका, आज चक्कर येतीय. एकट्यानं जायची भीती वाटते."

ही शुद्ध थाप होती. त्यांना ती कळली असावी. तरी उठले.

वेशीपाशी त्यांनी माझं मनगट धरलं, जणू नाडीच बघताहेत. माळ येईपर्यंत सोडलं नाही. वर पोचल्यावर एका सपाट दगडाजवळ गेले आणि उपरण्यानं त्यावरची माती झटकली. मला वाटलं, आता बसतील. ते शेजारी खालीच बसले. मी दगडावर टेकायला गेलो, तर हात आडवा केला.

"इथं ती बसायची. पाय दुखायचे तिचे."

मी जरा लांब, पळसाच्या पलीकडं जाऊन बसलो. मग काकांचा आवाज आला. आधी अडखळत, मग हळूहळू मोकळा, एखाद्या तरण्या माणसासारखा.

"आगं, थोरल्याला पोरगी झाली. नाक बघ, नुसतं तुझं हाये."