खलनायकाकडे चौकशी

ग्रंथपाल मेले ते एका वाचकाच्या हट्टापायी. पुस्तक वरच्या फळीवर नाही, हे त्यांनी तीनदा सांगितले होते. वाचकाने चौथ्यांदा विचारले, म्हणून ते शिडीवर चढले. पुस्तक तिथे नव्हतेच. क्षणभराने पायाखाली शिडीही नव्हती.

डोळे उघडले तेव्हा अंगावर काळे चिलखत होते आणि बुडाखाली कवट्यांचे सिंहासन. भाची मोबाइलवर जो खेळ अष्टौप्रहर खेळत असे, त्यातला हा दुष्ट सरदार; सातव्या दिवशी नायकाच्या पवित्र तलवारीने मरणारा. "मामा, त्याला मरावंच लागतं," ती एकदा म्हणाली होती. "नाहीतर खेळ पुढे सरकतच नाही."

त्या खेळात प्रत्येक खलनायकाला एक सिद्धी मिळते. कुणाला आग, कुणाला विष. ग्रंथपालांसमोर हवेत अक्षरे उमटली : हरवलेली वस्तू कुठे आहे ते कळणे. एकतीस वर्षे त्यांनी पगार घेऊन हेच केले होते. नियतीच्या कल्पनादारिद्र्याचा त्यांना मनस्वी संताप आला.

पहिल्या दिवशी त्यांनी सेनापतीला त्याच्या शिरस्त्राणाचा ठावठिकाणा सांगितला. ती घोडचूक ठरली. दुसऱ्या दिवशी दाराशी रांग होती. आचाऱ्याला पळी हवी होती, तुरुंगाधिकाऱ्याला कैदी. तटबंदी तातडीने दुरुस्त करा, असे त्यांनी गवंड्याला बजावले. त्याने अदबीने विचारले, थापी कुठे असेल. सहाव्या दिवशी पहारेकऱ्याला किल्ल्याच्या दरवाजाची किल्ली शोधून दिली. तीच आहे ना, हे पाहायला त्याने दरवाजा उघडला आणि लावायचा राहिला.

सातव्या दिवशी त्याच दरवाजाने नायक आत आला. बरोबर त्याची वैद्यीण; फौज बाहेर थांबली होती. नायकाचे हात रिकामे होते.

"काका, माझी तलवार बघितलीत का हो?"

तलवार वैद्यिणीच्या पाठीवरच्या वळकटीत होती. गप्प बसले की प्राण वाचत होते. ग्रंथपालांनी ओठ घट्ट मिटले. नायकाने कपाटे उपसली, नकाशे जमिनीवर टाकले. मग ग्रंथपालांनी आठवडाभर खपून क्रमाने लावलेल्या नोंदींच्या कार्डांची पेटी उचलली आणि उलटी करून झटकली. तलवारीसाठी.

"तिथे नाही," ग्रंथपालांच्या तोंडून गेले. "बाईंच्या वळकटीत आहे. सकाळी तुम्हीच गुंडाळलीत. आणि ती कार्डं होती तशी लावा."

तलवार निघाली. नायकाने ती उगारली. ग्रंथपालांनी मान पुढे केली; एकतीस वर्षे आणि सात दिवसांनी का होईना, सुट्टी मिळत होती.

"थांब की जरा," वैद्यीण म्हणाली. "ह्यांना मारलंस, तर उद्या कुणाला विचारशील?"

नायक ओशाळला. तलवार खाली आली. "खरंच की. काका, हिचं म्यान कुठे असेल?"

"आधी मारा," ग्रंथपाल म्हणाले. "मग शोधा."

"मेल्यावर कसं सांगाल?"

दाराबाहेर आता दोन्ही फौजा एकाच रांगेत उभ्या होत्या. भाचीचे खरे होते. खेळ पुढे सरकत नव्हता. रांगसुद्धा.