तात्यांचा लोखंडी जिना

तात्या राऊतांचं बोईसरचं घर कौलारू, बसकं. वर नुसता माळा आणि माळ्यावर सुकट नि जुनी भांडी. तरी तात्यांनी त्या माळ्याला बाहेरून लोखंडी जिना बसवला होता. आग लागली तर उतरायला. वापरायचं फक्त मांजर.

मी तेव्हा तारापूरला वीजघराच्या बांधकामावर कारकून होतो आणि तात्यांच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खोली दाखवताना त्यांनी विचारलं, "आग लागली तर कुठून पळाल?" मी दार दाखवलं. "आनि दारातच लागली तर?" म्हणून त्यांनी खिडकीचे गज उपटून टाकले. आठवड्याभरात तिथून माझा शर्ट पळाला.

तात्यांची लाकडाची वखार होती. पण बोलणं सगळं परदेशातल्या उंचच उंच इमारतींचं. गिऱ्हाईक वासे मागायला आलं की त्याला आधी इतिहास ऐकावा लागे. "लोकांना वाटते लिफ्टनं घरं उंच झाली. तसं नाय. दोर तुटला तरी लिफ्ट जागीच धरनारी कळ निघाली, तवा मानूस वर राहायला तयार झाला."

घिवलीची जानकी मासळी विकायला येई. तिनं एकदा टोपली उतरवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "चाळिसाव्या मजल्यावर बोंबील कोन चढवनार, तात्या?"

तात्या विचारात पडले. दुसऱ्या दिवशी तिला थांबवून म्हणाले, "मासलीला येगली लिफ्ट."

एका रविवारी मी त्यांना आमचं बांधकाम दाखवायला नेलं. वाटलं, उंची बघून हरखतील. त्यांनी उंचीकडे पाहिलंच नाही. बांबूच्या परांचीवर उभ्या माणसांकडे बघत मुकादमाला विचारलं, "हे लोक कशाला धरून उभे हायेत?"

"आदत है, चाचा," मुकादम म्हणाला.

 दुसऱ्या दिवसापासून तात्या रोज घिवलीला जानकीच्या नवऱ्याकडे जाऊन बसू लागले. होडीच्या दोराचं काहीतरी वळणं चाललं होतं. मला वाटलं, नवं खूळ.

दिवाळीत एक रापलेला तरुण घरी आला. "हा आमचा वसंता," तात्या म्हणाले. त्यांना मुलगा आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "वखारीवरनं भांडून गेला. मुंबईला उंच इमारतीच्या सेंटरिंगच्या कामाला, परांचीवर हाय. तवापासनं यांना हे येड लागलं."

तो होता तोवर तात्या फक्त सागाच्या भावाबद्दल बोलले. निघायच्या दिवशी त्यांनी आतून एक जाडजूड पट्टा आणला, दोराचा, टोकाला लांब दोर नि हुक.

"कमरेला बांध. हुक बांबूला नाय, लोखंडाला लाव."

"तिथं हसतील मला, तात्या."

"हसू दे."

वसंतानं पट्टा हातात तोलून पाहिला, मग सदऱ्यावरूनच बांधला. तात्यांनी वाकून गाठ तपासली आणि दोर धरून असा हिसका दिला की वसंता त्यांच्याकडे ओढला गेला. गाठ पक्की होती. तरी त्यांनी दोर सोडला नाही.

 शेवटी वसंताच म्हणाला, "तात्या, गाडी चुकेल."